बंटची खूण बॅटरपर्यंत पोचवायची कशी? (बेसबॉल)

निशिगंध

मंडळी, इथे बेसबॉल खेळलेले आणि नेमाने बघणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय. मुलाच्या टीमचे (वय १२-१३) मुख्य कोच डगआउटमध्ये (मैदानाच्या कडेला टीम बसते तिथे) बसतात आणि तिसऱ्या बेसजवळच्या कोचच्या चौकोनात उभं राहायचं काम या मोसमात माझ्या गळ्यात पडलंय. म्हणजे कोच मला खूण करणार, मी ती बॅटरला आणि रनरला (बेसवर पोचलेल्या आमच्या खेळाडूला) करणार.

ज्यांना बंट माहीत नाही त्यांच्यासाठी: बॅट फिरवायची नाही, नुसती आडवी धरायची आणि चेंडू जवळच मरून पडेल असा सोडायचा. बॅटर बहुतेक वेळा आउट होतो, पण रनर एक बेस पुढे सरकतो.

आमच्या खुणा अशा: टोपीला हात म्हणजे बंट, कानाला हात म्हणजे बेस चोरायचा (रनरने फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे पळायचं), काहीच नाही म्हणजे खुशाल मार. परवाच्या मॅचमध्ये तिसऱ्या इनिंगपर्यंत समोरच्यांना हे पाठ झालं. माझा हात टोपीकडे गेला रे गेला की त्यांचा तिसऱ्या बेसवरचा मुलगा तरातरा पुढे येऊन उभा. वर डोळ्यांवर ऊन आलं म्हणून मी टोपी सारखी केली तरी आमचा बॅटर बंटसाठी वाकतो, तो ताप वेगळाच. आणि खुणा अवघड केल्या तर आमचीच पोरं विसरतील. मधला मार्ग सुचवा.

डावखुरा

ताई, एका खुणेला एक अर्थ ही पद्धत कुणाचीच फार वेळ टिकत नाही. तुम्हाला हवाय तो इंडिकेटर.

इंडिकेटर म्हणजे किल्ली. ती लागेपर्यंत कोच जे काही करतोय ते सगळं फुकट. समजा तुमचा इंडिकेटर पट्टा आहे आणि बंट म्हणजे टोपी. तुम्ही नाकाला हात लावला, टोपीला लावला, छातीवरून फिरवला, कोपर धरलं, इथपर्यंत काही अर्थ नाही. मग पट्टा, आणि पट्ट्यानंतर लगेच टोपी. आता बंट. त्यापुढे परत कान, मांडी, दोनदा टाळ्या, हा सगळा पालापाचोळा. पट्ट्यानंतर टोपीऐवजी कोपर आलं तर बंट नाही, मग आधी टोपीला दहा वेळा हात लागलेला असू दे.

जोडीला एक पुसायची खूण ठेवा, इकडे तिला वाइप-ऑफ म्हणतात. उदाहरणार्थ एका हाताने दुसऱ्या बाहीवरून खालपर्यंत सपकन पुसलं की आधीचं सगळं रद्द. डगआउटमधून मॅनेजरने (म्हणजे मुख्य कोचने) मन बदललं, किंवा तिसऱ्या बेसवरचा फील्डर आधीच पुढे सरकलेला दिसला, की पुसून टाकायचं.

यात गंमत अशी की समोरच्यांनी इंडिकेटर ओळखला तरी पुढच्या मॅचला तेवढाच बदलायचा. बंट टोपीच राहते, पट्ट्याच्या जागी मनगट येतं. पोरांना एकच नवी गोष्ट लक्षात ठेवायची असते. मोठ्या टीम तर चालू मॅचमध्येही बदलतात.

खडूस_काका

मधला मार्ग कशाला, सरळ मार्ग सांगतो. बंट करूच नका. तुमच्याकडे २७ आउट असतात (तुमच्या पोरांकडे त्याहून कमी), त्यातला एक स्वतःच्या हाताने समोरच्याच्या झोळीत टाकायचा आणि वर त्यासाठी गुप्त भाषा बनवायची! बाकी चालू द्या.

शेरलॉक_होमरन

काका अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. मेजर लीगच्या (अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) गेल्या काही वर्षांच्या आकड्यांत पहिल्या बेसवर रनर आणि एकही आउट नाही, अशा वेळी त्या इनिंगमध्ये सरासरी ०.८५ ते ०.९ धावा होतात. बंट करून रनर दुसऱ्यावर गेला आणि एक आउट झाला की सरासरी ०.६५ ते ०.७ वर येते. यशस्वी बंटनंतर ही घसरण! निदान एक तरी धाव होण्याची शक्यता बघितली तरी आधी ती ४० टक्क्यांच्या थोडी वर असते, नंतर ४० च्या आसपास. म्हणजे तिथेही फायदा नाही. बाल्टिमोर ओरिओल्सचे मॅनेजर अर्ल वीव्हर आकडेवारीचं हे वेड येण्याच्या कितीतरी आधीपासून बंटवर डाफरायचे. त्यांचा जीव तीन धावांच्या होमरनमध्ये.

मेजर लीगचे दोन भाग आहेत, नॅशनल आणि अमेरिकन. २०२२ पासून नॅशनल लीगमध्येही पिचरऐवजी (चेंडू टाकणाऱ्याऐवजी) बॅटिंगला वेगळा खेळाडू येतो (अमेरिकन लीगमध्ये हे १९७३ पासूनच होतं). पिचर बॅटिंगला आला की हमखास बंट व्हायचा, तोच गेला. त्या एका वर्षात मेजर लीगमधले सॅक्रिफाइस बंट (स्वतः आउट होऊन रनरला पुढे सरकवणारे) जवळपास निम्म्यावर आले.

पण काका, जादा इनिंगमध्ये आता दुसऱ्या बेसवर आयता रनर मिळतो. बरोबरी असेल आणि शेवटची बॅटिंग तुमची असेल तर एकच धाव पुरते. दुसऱ्यावर रनर, शून्य आउट, यातून एक धाव होण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास. तिसऱ्यावर रनर, एक आउट, यातून पासष्टच्या आसपास. तिथे बंट पैसा वसूल आहे.

निशिगंध

काका, तुमचं म्हणणं आमच्या मुख्य कोचना कळवते, पण निर्णय त्यांचा आणि हात माझे. :) शिवाय या वयात बंटवर फील्डिंगची पोरं गडबडतात, चेंडू पहिल्या बेसच्या डोक्यावरून भिरकावतात, त्यामुळे आमच्याकडचं गणित मेजर लीगचं नाही.

डावखुरा, इंडिकेटर पटला. एक शंका. बंट फाउल (रेषेबाहेर) गेल्यावर त्याची खूण चालू राहते का? परवा एकाने बंट फाउल केला, पुढच्या चेंडूवर परत बंटला वाकला, आणि मी काहीच खूण केली नव्हती.

डावखुरा

हे टीमने आधी ठरवायचं. माझं मत: प्रत्येक चेंडूला नवी खूण. मागची खूण आपोआप मेली असं समजायचं. नाहीतर बॅटरला वाटतं चालू आहे, रनरला वाटतं संपली, आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात.

दोन स्ट्राइक झाल्यावर (तीन झाले की बॅटर आउट) तर पोरांना बजावून ठेवा की बंट बंद, फारच खास असेल तर कोच वेगळं सांगेल. कारण दोन स्ट्राइकवर साध्या फटक्याचा फाउल गेला तर बॅटर वाचतो, पण बंटचा फाउल गेला तर थेट आउट.

पट्टीचा_पंच

मी शाळा-कॉलेजच्या मॅचमध्ये अंपायरिंग करतो. कॅचरच्या (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) मागे उभं राहून दोन्ही बाजूंचं बरंच दिसतं, म्हणून सांगतो. खूण फुटते ती कोचच्या हातातून क्वचित. बहुतेक वेळा फोडणारा बॅटर असतो.

नेहमीचा प्रकार असा. बॅटर एक पाय बॉक्सबाहेर (त्याच्या उभं राहायच्या चौकोनाबाहेर) काढून कोचकडे बघतोय. कोचचं नाक, कान, छाती चाललंय. पट्टा, टोपी… आणि टोपी दिसताच बॅटर मान फिरवतो. त्याला हवं ते मिळालं. कोच बिचारा पुढची चार नाटकं हवेत करत राहतो. शहाणा कॅचर कोचकडे बघतच नसतो, तो बॅटरचे डोळे बघत असतो. मान कुठल्या क्षणी फिरली एवढं दोन-तीनदा टिपलं की इंडिकेटर हातात आला.

त्यामुळे पोरांना पहिला नियम हा शिकवा: कोच टाळी वाजवेपर्यंत नजर हटवायची नाही, खूण असो वा नसो. शेवटची टाळी सगळ्यांसाठी सारखीच.

दुसरं, खूण मिळाल्यावर बॅटर तिसऱ्या बेसवरच्या फील्डरकडे चोरून बघतो, तो किती मागे आहे ते. बघायचंच असेल तर प्रत्येक चेंडूआधी बघायची सवय लावा. तिसरं, काही जण बॉक्समध्ये पुढे सरकतात, कारण पुढे उभं राहिलं की बंट आत पडायची शक्यता वाढते. हे बरोबर आहे, पण खूण मिळाल्यावरच सरकलात तर जाहिरातच केलीत. चौथं, बॅटवरची पकड. वरचा हात आधीच ढिला करून सरकवायच्या तयारीत ठेवतात, ते तर मला मास्कमधूनही दिसतं.

आणि कोचसाठी: तुमचा वेग. बहुतेक कोच रिकाम्या खुणा भराभरा करतात आणि खरी खूण आली की हात जड होतो, पोराला नीट दिसावी म्हणून. अर्ध्या सेकंदाचा फरक असतो, पण दिसतो. आरशासमोर उभं राहून मोबाइलवर रेकॉर्ड करून बघा.

मृण्मयी_स

पंचकाका, झकास प्रतिसाद! कॅचर बॅटरचे डोळे बघतो हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

टारझन_ऑन_थर्ड

पंचांशी सहमत, पण स्क्वीझबद्दल कुणीच बोललं नाही. खुणेची खरी परीक्षा तिथे.

तिसऱ्या बेसवर रनर आहे. पिचर चेंडू टाकायच्या बेतात असतानाच रनर होम प्लेटकडे (बॅटर उभा असतो तिथे, तिला पाय लागला की धाव) धूम ठोकतो आणि बॅटरने काहीही करून चेंडूला बॅट लावायची. चेंडू जमिनीवर पडला की धाव झालीच समजा. याला सुइसाइड स्क्वीझ म्हणतात ते उगाच नाही. बॅटरचा चेंडू हुकला तर रनर कॅचरच्या मिठीत. आणि बॅटरने खूण पाहिलीच नाही तर त्याहून भयंकर: रनर मान खाली घालून प्लेटकडे पळतोय आणि समोरचा उजव्या हाताचा बॅटर पूर्ण ताकदीनिशी बॅट फिरवतोय. तो फटका तिसऱ्या बेसच्या रेषेवर गेला तर रनरचं काय होईल? म्हणून स्क्वीझची खूण एकतर्फी चालत नाही. उलट पोच हवीच.

पोच साधी असते. बॅटर हेल्मेटच्या टोकाला हात लावतो, किंवा बॅटने बुटाची टाच ठोकतो, जे ठरलं असेल ते. पोच आली नाही तर स्क्वीझ नाही, कोचने पुसून टाकायचं. पोरांना हे इतकं सांगा की झोपेतही आठवलं पाहिजे.

रनरचं सोपं असतं. तो तिसऱ्या बेसवर, म्हणजे कोचच्या शेजारीच उभा. त्याला खुणेची गरजच काय? दोन बोटं ओठांवर ठेवून कानात सांगायचं. पण मग दर वेळी तिसऱ्यावर रनर आला की त्याच्या कानात काहीतरी बोला, ‘उडता चेंडू असेल तर बेसवर परत ये’ वगैरे. फक्त स्क्वीझच्या वेळीच कानाशी लागलात तर समोरच्यांना तेवढं पुरतं.

वेळेचंही सांगा. पिचरचा पुढचा पाय जमिनीला टेकेपर्यंत बॅटरने वळायचं नाही आणि रनरनेही सुटायचं नाही. आधी सुटलात तर पिचर चेंडू बॅटरच्या आवाक्याबाहेर टाकतो आणि सगळं मुसळ केरात. पाय टेकल्यावर त्याला चेंडू कुठे टाकायचा ते बदलणं अवघड जातं.

सेफ्टी स्क्वीझ वेगळा: त्यात रनर बंट जमिनीवर पडलेला बघूनच निघतो. बारा वर्षांच्या पोरांना तोच शिकवा. पहिल्या प्रकारात एका पोराचं लक्ष नसलं तरी कुणीतरी दुखावायचं.

खडूस_काका

हा प्रतिसाद मात्र पटला. सेफ्टी स्क्वीझला माझा विरोध नाही. (स्क्रीनशॉट काढून ठेवू नका.)

मेघमल्हार

अवांतर, पण राहवत नाही. तिसऱ्या बेसच्या कोचच्या चौकोनाचा इतिहास भारी आहे.

१९०० साली फिलाडेल्फियाच्या मैदानावर सिनसिनाटीच्या टॉमी कॉरकोरनला संशय आला. फिलाडेल्फियाचा पिअर्स चाइल्स तिसऱ्या बेसच्या चौकोनात उभा राहायचा आणि त्याचा पाय विचित्रपणे एकाच जागी थरथरायचा. कॉरकोरनने बुटाच्या खिळ्यांनी तिथली माती उकरायला सुरुवात केली आणि खालून निघाली पेटी, तारा आणि विजेचा बझर! मैदानाच्या दूरच्या टोकाला मॉर्गन मर्फी नावाचा त्यांचाच राखीव कॅचर दुर्बीण लावून समोरच्या कॅचरच्या बोटांच्या खुणा वाचायचा आणि तारेतून ठोके पाठवायचा. चाइल्सला ते तळपायाला कळायचे, मग तो बॅटरला सांगायचा की कुठला चेंडू येतोय.

त्याच काळातला विल्यम हॉय. ऐकू येत नसलेला हा खेळाडू १८८८ ते १९०२ मेजर लीगमध्ये खेळला. चेंडू स्ट्राइक होता की बॉल (बाहेरचा चेंडू) हे अंपायर ओरडून सांगायचा, हॉयला ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून तिसऱ्या बेसचा कोच त्याला हाताने खूण करायचा. अंपायरच्या आजच्या खुणा त्याच्यामुळेच आल्या असं काही जण सांगतात, त्यावर वाद आहे, पण कोचशी त्याचा हा ठराव होता हे नक्की.

पुढे न्यूयॉर्क जायंट्सकडे लूथर टेलर नावाचा ऐकू न येणारा पिचर होता. मॅनेजर जॉन मॅग्रॉ आणि टीममधले बाकीचे त्याच्यासाठी बोटांची भाषा शिकले आणि मग मैदानावरच्या खुणांसाठीही ती वापरू लागले.

शेरलॉक_होमरन

मेघमल्हार, आणि ११७ वर्षांनी ह्यूस्टनने कचऱ्याचा डबा बडवला. तंत्रज्ञानाची अधोगती!

(ज्यांना संदर्भ लागला नाही त्यांच्यासाठी: २०१७ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोज कॅमेऱ्यावर कॅचरच्या खुणा बघून, डगआउटमागच्या बोळातला डबा वाजवून बॅटरला इशारा द्यायचे. जानेवारी २०२० मध्ये लीगने ५० लाख डॉलर दंड केला, मॅनेजर आणि जनरल मॅनेजरला वर्षभरासाठी निलंबित केलं. दुसऱ्या बेसवरच्या रनरने स्वतःच्या डोळ्यांनी खुणा चोरल्या तर ते मात्र चालतं. यंत्र आलं की गुन्हा.)

ऋतुजा_०७

मला एक बाळबोध प्रश्न. आता पिचर-कॅचरकडे ते पिचकॉम आलंय ना, बटण दाबलं की टोपीत आवाज येतो? मग बॅटरच्या हेल्मेटमध्येही एक बसवा की. हवेत हात कशाला नाचवायचे?

डावखुरा

ऋतुजा, बाळबोध नाही, मलाही पडलेला प्रश्न आहे. मेजर लीगने २०२२ मध्ये पिचकॉमला परवानगी दिली ती फील्डिंग करणाऱ्या बाजूला: पिचर, कॅचर आणि आणखी काही फील्डर. बॅटर आणि रनर अजून हातवाऱ्यांवरच. लीगचा मुख्य हेतू कॅचरच्या खुणांची चोरी थांबवणं आणि वेळ वाचवणं हा होता. बंटची खूण कुणी चोरली म्हणून आभाळ कोसळत नाही, फार तर फील्डर चार पावलं पुढे येतो.

फरक पडला तो घड्याळामुळे. २०२३ पासून पिचरला बेस रिकामे असतील तर १५ सेकंद आणि रनर असेल तर २० सेकंद मिळू लागले. २०२४ मध्ये २० चे १८ झाले. घड्याळात ८ सेकंद उरलेले असताना बॅटर तयार उभा हवा, नाहीतर फुकटचा स्ट्राइक. टाइमआउट बॅटरच्या एका पाळीत एकच. म्हणजे मॅनेजरने ठरवायचं, डगआउटमधून तिसऱ्या बेसला कळवायचं, कोचने नाटक करून बॅटरला सांगायचं, हे सगळं दहा सेकंदांत. पूर्वीसारखं हातमोजे काढून-घालून, धूळ झटकून निवांत खुणा वाचायचे दिवस गेले. आता कोचचे हात बघा, तीन-चार स्पर्श आणि संपलं.

निशिगंध

तरीच! आमच्या कोचनी सांगितलं होतं की टीव्हीवर बघून शीक, आणि मला त्यात शिकण्यासारखं काही दिसेच ना. पापणी लवेपर्यंत कारभार आटोपलेला.

कावेरी_काठ

मी जपानमध्ये आहे, इथली बाजू लिहिते. इथे बंट म्हणजे कमीपणा नाही. शाळकरी स्पर्धांत तर पहिला रनर बेसवर आला की पुढचा बॅटर बंट करणार हे प्रेक्षकांनाही ठाऊक असतं. मग खूण लपवायची कुणापासून? इथे भर असतो तो बंट उत्तम जमिनीवर ठेवण्यावर. समोरचा पुढे येऊन उभा असला तरी त्याच्या कुठल्या बाजूला चेंडू मारून ठेवायचा, याचा सराव. योमिउरी जायंट्सचे मासाहिरो कावाई यांनी कारकिर्दीत ५३३ सॅक्रिफाइस बंट केले. २००३ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या एडी कॉलिन्सचा ५१२ चा विक्रम मागे टाकला. ते बंट करणार हे कुणापासून लपलेलं नव्हतं.

आणि खूण न देण्याचीही एक गोष्ट आहे. २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकची सेमीफायनल, मेक्सिकोविरुद्ध. नववी इनिंग, जपान ४-५ ने मागे. ओहतानीने डबल (दोन बेसचा फटका) मारला, योशिदाला वॉक (चार बॉल पडले की फुकट पहिला बेस) मिळाला. पहिल्या-दुसऱ्यावर रनर, शून्य आउट, आणि बॅटिंगला मुराकामी. आदल्या मोसमात ५६ होमरन मारणारा, पण त्या दिवशी एकही हिट नाही. पुस्तकी बंटची परिस्थिती. त्याच्या स्वतःच्या मनातही बंट येऊन गेला, हे त्याने नंतर सांगितलं. मॅनेजर कुरियामा यांनी हाताची खूण केली नाही. एका कोचला त्याच्याकडे पाठवलं आणि तोंडी निरोप दिला: तुझ्यावर सोपवलंय, बिनधास्त मार. त्याने भिंतीवर डबल मारला, दोन्ही रनर आले, ६-५.

मला यात पटलं ते असं की बॅटरच्या मनात जराही शंका राहू नये एवढी काळजी मॅनेजरने घेतली. ‘खूण नाही म्हणजे मार’ हे नियमाप्रमाणे बरोबरच होतं, पण तो क्षण त्यावर सोडण्यासारखा नव्हता.

खडूस_काका

बघा, बंट केला नाही आणि जिंकले. माझं काम सोपं केलंत, ताई.

कावेरी_काठ

काका, त्याच जपानने बाकी वर्षभर किती बंट केले ते विचारू नका. :)

टारझन_ऑन_थर्ड

कावेरीताईंचा मुद्दा निशिगंधताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. या वयात खूण लपवण्यापेक्षा ती पोचणं जास्त महत्त्वाचं. समोरच्याला कळली तर तिसऱ्या बेसवरचा पुढे येईल. येऊ दे. चेंडू पहिल्या बेसच्या बाजूला ठेवायचा. पण आपल्याच बॅटरला कळली नाही तर रनर दोन बेसच्या मधोमध अडकतो आणि एका चेंडूत सगळं संपतं.

म्हणून ‘कळलं नाही, परत करा’ अशीही खूण हवी. मोठे खेळाडू बिनदिक्कत बोट गोल फिरवतात. लहान पोरं लाजतात, त्यांना वाटतं कोच ओरडेल. मग अंदाजाने काहीतरी करतात. त्यांना सांगा की परत विचारणारा शहाणा. आणि त्याने विचारल्यावर तोंड वाकडं करू नका, हे कोचसाठी.

पट्टीचा_पंच

आणखी एक. हाताकडे सगळे बघतात, कानाकडे कुणी लक्ष देत नाही. काही टीम तोंडी खूण ठेवतात. कोच एरवी पोराला नावाने हाक मारतो, आडनावाने मारली की बंट. ‘चल, नीट बघून खेळ’ या ओरड्यात आडनाव मिसळलं की पुरे. हात चालूच असतात, त्यांना काहीही अर्थ नसतो. मी प्लेटमागे उभा असूनही मला एका टीमची ही युक्ती बऱ्याच मॅचनंतर कळली (आणि अर्थातच मी कुणाला सांगितली नाही).

तोटा एवढाच की गोंगाटात ऐकू येत नाही, आणि पालक गॅलरीतून पोरांना वाट्टेल त्या नावाने हाका मारत असतात.

मृण्मयी_स

माझी मुलगी सॉफ्टबॉल खेळते, तिच्याकडे मनगटावर पट्टी असते. आत प्लास्टिकखाली छोटा तक्ता, त्यात आकडे. कोच ‘दोन-एक-चार’ असं ओरडते, सगळ्या मुली एकदम मनगटाकडे बघतात, तक्त्यात २१४ समोर जे लिहिलंय ते करायचं. बंट पाच-सहा वेगवेगळ्या आकड्यांसमोर असतो, त्यामुळे तोच आकडा परत येत नाही. मॅच संपली की तक्ता बदलतात. लक्षात ठेवायचं काहीच नाही! निशिगंध, तुमच्या लीगमध्ये चालत असेल तर हाच उपाय बघा. आधी लीगला विचारा मात्र, पिचरच्या पट्टीबद्दल नियम कडक असतात.

डावखुरा

पट्टी सोयीची आहे, मान्य. पण माझी जुन्या वळणाची तक्रार नोंदवून ठेवतो. पट्टीमुळे पोरं कोचकडे बघतच नाहीत, मनगटाकडे बघतात. खुणा बघताना रनर, फील्डर, किती आउट झालेत, हे सगळं नजरेत येतं. आकडा वाचताना फक्त आकडा दिसतो.

मृण्मयी_स

डावखुरा, माझ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, “आई, खुणा असताना मी कोचच्या नाकाकडेच बघायचे, तेव्हा तरी कुठे फील्डर दिसायचे?”

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मुख्य कोचशी बोलून असं ठरलंय: इंडिकेटर पट्टा, त्यानंतरचा पहिला स्पर्श खरा. टोपी खुणांतून कायमची हद्दपार, म्हणजे ऊन आलं तरी मी सुखाने सारखी करू शकते. बंट म्हणजे कोपर. बाहीवरून हात पुसला की रद्द. दर चेंडूला नवी खूण, दोन स्ट्राइकवर बंट नाही. सेफ्टी स्क्वीझ ठेवतोय, पण हेल्मेटला हात लावून पोच आल्याशिवाय नाही. आणि ‘परत करा’साठी बोट फिरवायचं.

काल सरावाला पोरांना शिकवलं. मुद्दाम खुणा करत राहिले आणि कोण मध्येच मान फिरवतं ते टिपलं. पंचकाका, निम्म्याहून जास्त! कोपर दिसलं की मान गेलीच. टाळी होईपर्यंत बघायचा खेळ लावलाय, ज्याची मान आधी हलेल त्याने साहित्याची पिशवी उचलायची.

पट्टीचा_पंच

उत्तम. आता स्वतःचं बघा. कोपर धरताना किती जोरात धरता? नवे कोच खरी खूण असली की कचकन धरतात आणि खोटी असली की नुसते बोट टेकवतात.

निशिगंध

आत्ताच नवऱ्याला समोर बसवून करून बघितलं. त्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तरी पाचातले चार बंट ओळखले. म्हणे कोपर धरताना मी भुवया उचलते.

खडूस_काका

म्हणून म्हणत होतो, बंट करूच नका.

टारझन_ऑन_थर्ड

काळा चष्मा घाला, ताई. मोठ्या लीगमधले कोच काय उगाच घालतात?